साने गुरुजी : वसतिगृहातल्या मुलांची आई

नाशिकरोडच्या मध्यवर्ती तुरुंगाजवळून आपल्यापैकी बऱ्याच जणांची रोजची ये-जा असते. तुरुंगामुळे तो सारा भाग जेलरोड म्हणून ओळखला जातो. मराठीतील एक अत्यंत वाचले गेलेले पुस्तक याच तुरुंगात लिहिले गेले हे मात्र आपल्या लक्षात नसते. 1933 सालच्या फेब्रुवारी महिन्यात, 9 तारखेपासून 13 तारखेपर्यंत, पांडुरंग सदाशिव साने नावाच्या एका राजबंद्याने दिवसा तुरुंगातील काम केले आणि रात्री जागून आपल्या आईच्या आठवणी कागदावर उतरवल्या. ‘श्यामची आई’ या पुस्तकाचा बहुतेक भाग त्या पाच दिवसांत तयार झाला. लेखकाचे वय तेव्हा तेहतीस होते. आईला जाऊन पंधरा वर्षे उलटली होती.

पंधरा वर्षांनीही त्या आठवणी इतक्या ओल्या कशा राहिल्या? ‘श्यामची आई’ वाचून रडलो नाही असा मनुष्य आपल्या मागच्या पिढीत सापडणे कठीण. पण आपण रडलो ते आईसाठी. त्या मुलाचे पुढे काय झाले याकडे आपण फारसे पाहिले नाही. 24 डिसेंबर 2024 रोजी साने गुरुजींच्या जन्माला 125 वर्षे झाली. शिक्षणासाठी घर सोडणारी मुले आज आपल्याही घरांत आहेत, म्हणून त्यांच्या जीवनाकडे या बाजूनेही एकदा पाहू या.

पालगड हे रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यातले गाव. साने घराणे खोतांचे. एकेकाळी घरात सुबत्ता होती. पांडुरंग लहान असतानाच ती ओसरू लागली आणि कर्ज वाढत गेले. अखेर घरावर जप्ती आली. गावात मानाने राहिलेल्या कुटुंबावर अशी वेळ येते तेव्हा पैशाबरोबर आणखीही बरेच काही जाते. सावकाराचा माणूस दारात येऊन बसला की घरातली मोठी माणसे खाली मान घालतात आणि लहान मुले ते पाहतात. त्यांना कोणी काही समजावून सांगत नाही. त्यांना सगळे कळते, मात्र बोलता येत नाही.

शिक्षणासाठी पांडुरंगाला आधी पुण्याला मामांकडे ठेवले. तिथे त्याचे मन रमले नाही, तो परत आला. मग पालगडहून सहा मैलांवर दापोलीच्या मिशन शाळेत त्याचे नाव घातले. मराठी आणि संस्कृतात हुशार, कवितेची आवड असलेला मुलगा म्हणून तिथे तो नावाजला गेला. पण फी आणि खर्च परवडेना. थोरल्या भावाप्रमाणे आपणही नोकरी धरावी असे त्याच्या मनात आले होते. तेवढ्यात औंध संस्थानात गरीब विद्यार्थ्यांची सोय होते असे एका मित्राकडून कळले आणि तो तिकडे गेला. औंधला फार हाल झाले. पोटाची आबाळ, परके गाव, जवळ आपले असे कोणी नाही. त्यातच प्लेगची साथ आली आणि विद्यार्थ्यांना घरी पाठवण्यात आले.

घरी परतल्यावर एक प्रसंग घडला. चरित्रकार तो दोन ओळींत सांगतात, परंतु माझ्या मते त्या मुलाच्या आयुष्यात त्याला फार मोठी जागा आहे. एका रात्री आईवडिलांचे बोलणे त्याच्या कानांवर पडले. हा मुलगा खरोखर शिकतो आहे की शिक्षणाच्या नावाखाली नुसता भटकतो आहे, अशी शंका वडील बोलून दाखवत होते. त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. कर्जाखाली दबलेला, चहूकडून खचलेला बाप होता तो. पण उपाशी राहून शिकणाऱ्या मुलाला ते शब्द किती लागले असतील! तो लगेच पुण्याला निघून गेला आणि नूतन मराठी विद्यालयात त्याने नाव घातले. रागाने गेला असे म्हणतात. मला वाटते रागापेक्षा त्यात दुखावलेपण अधिक होते.

पुण्यातही दोन वेळचे धड जेवण नव्हते. आणि तिथे असतानाच, 2 नोव्हेंबर 1917 रोजी, पालगडला आई गेली. आजारपण होते, औषधपाण्याची सोय नव्हती, गरिबीने शरीर आधीच झिजले होते. मुलगा पोहोचला तेव्हा सर्व संपले होते. त्याचे वय अठरासुद्धा नव्हते. मॅट्रिकचे वर्ष होते.

पुढल्या वर्षी, 1918 मध्ये, तो मॅट्रिक झाला. मग न्यू पूना कॉलेज, म्हणजे आजचे सर परशुरामभाऊ महाविद्यालय. 1922 साली बी.ए., 1924 साली एम.ए. कागदावर पाहिले तर हा सरळ यशाचा आलेख आहे. आजही आपण मुलांना तो तसाच दाखवतो. बघ, श्याम किती गरिबीत शिकला, आणि तुला सगळे मिळूनही तुझे लक्ष नाही! हे वाक्य आपल्यापैकी किती घरांत बोलले गेले असेल याचा ज्याने त्याने विचार करावा. कष्टातून माणूस घडतो हे खरे आहे. पण तेवढेच खरे नाही. कष्टातून गेलेला माणूस घडतो तेव्हा आतून कुठे तरी दुखावलेलाही असू शकतो, आणि पदवीच्या कागदावर त्याची नोंद होत नाही.

एम.ए. होण्याच्या सुमारास ते खानदेशात अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात होते. 1924 पासून तिथल्याच प्रताप हायस्कूलमध्ये ते शिक्षक झाले आणि पुढे शाळेच्या वसतिगृहाचे काम त्यांच्याकडे आले. गुरुजींच्या आयुष्यातील ही सहा वर्षे मला सर्वांत मोलाची वाटतात. त्यांच्यावर लिहिताना लोक सत्याग्रह आणि उपोषणे यांवर भर देतात. मला मात्र अमळनेरच्या त्या खोल्यांतच थांबावेसे वाटते.

खेड्यापाड्यांतून आलेली मुले तिथे राहत. कोणाची आई गेलेली, कोणाच्या घरी नुसतीच ओढाताण. गुरुजी पहाटे उठत. मुलांनी अंथरुणे तशीच टाकलेली असली तर ती घडी करून ठेवत, खोल्या झाडत, मळके कपडे दिसले तर धुऊन वाळत घालत. याबद्दल मुलांना रागावणे नाही, शिक्षा नाही. दोनचार दिवस असे झाले की मुले ओशाळत आणि आपले काम आपण करू लागत. कोणी आजारी पडला की गुरुजी त्याच्या उशाशी बसत. मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक ते स्वतः लिहून काढत. रोज! त्यात बातम्या असत, गोष्टी असत, चांगले विचार असत. 1928 साली त्यांनी ‘विद्यार्थी’ नावाचे मासिकही सुरू केले.

वसतिगृह सांभाळणाऱ्याचे काम म्हणजे हजेरी घेणे, दिवे वेळेवर मालवायला लावणे आणि फीचा हिशेब ठेवणे, असा सर्वसाधारण समज होता आणि आजही आहे. गुरुजींनी त्याचा अर्थच बदलून टाकला. घरापासून दूर आलेल्या मुलाला भाकरीइतकीच कोणाची तरी नजर आपल्यावर आहे ही जाणीव लागते, हे त्यांना पुस्तकातून कळले नव्हते. औंधला आणि पुण्याला त्यांना स्वतःला जे मिळाले नाही ते त्यांनी अमळनेरच्या मुलांना दिले. महाराष्ट्राने त्यांना मातृहृदयी म्हटले ते उगीच नव्हे.

1930 साली नोकरी सोडून ते मिठाच्या सत्याग्रहात उतरले. धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक असे तुरुंग झाले. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजींनी गीतेवर प्रवचने दिली, ती गुरुजींनी भराभर उतरून घेतली म्हणून आज ती आपल्याला वाचायला मिळतात. पुढे 1936 सालचे फैजपूरचे काँग्रेस अधिवेशन, शेतकरी आणि कामगारांची कामे, 1942 चे आंदोलन. 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलित बांधवांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले आणि मंदिर खुले झाले. 1948 साली गांधीजींची हत्या झाली तेव्हा त्यांनी एकवीस दिवस उपवास केला. त्याच वर्षी 15 ऑगस्टला ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. माणसामाणसांतील प्रेम हाच धर्म असे सांगणारी त्यांची प्रार्थना आपण सर्वांनी शाळेत म्हटली आहे.

एवढ्या कामाच्या माणसाला एकटेपण कुठून असणार असे वाटते. पण त्यांच्या जवळचे लोक जाणत होते की गुरुजी हसता हसता अचानक मिटून जात. डोळे लगेच भरून येत. जगातले दुःख त्यांना बाहेरचे म्हणून पाहताच येत नसे. आईची शेवटची भेट झाली नाही ही खंत त्यांना जन्मभर सोडून गेली नाही. आपण कोणाच्या उपयोगाचे नाही, आपले जगणे व्यर्थ आहे, असे विचार त्यांच्या मनात येत. हजारो मुलांना जवळ घेणाऱ्या या माणसाला स्वतः कोणाच्या कुशीत डोके ठेवायला जागा नव्हती. लग्न केले नव्हते, घर मांडले नव्हते. स्वातंत्र्यानंतर देशात जे दिसू लागले त्याने निराशा वाढली. 11 जून 1950 रोजी मुंबईत त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. वय अवघे पन्नास.

या मृत्यूविषयी आपल्याकडे दोन प्रकारांनी बोलले जाते. एक तर कुजबुजत बोलायचे, किंवा बोलायचेच नाही. नाही तर त्याला आत्मार्पण, बलिदान असे मोठे शब्द द्यायचे. मला दोन्ही पटत नाहीत. ते बलिदान नव्हते. एका फार चांगल्या माणसाचे मन असह्य दुखत होते, आणि ते दुखणे कोणाला थांबवता आले नाही. त्या काळात मानसिक आजारावर आजच्यासारखी औषधे नव्हती, समुपदेशक नव्हते. आज गुरुजी असते तर कोणी त्यांना डॉक्टरकडे नेले असते का, हा विचार मनात येऊन जातो. त्यांना कोणता आजार होता हे इतक्या वर्षांनी ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. आणि फक्त बालपणामुळे असे झाले असेही कोणी म्हणू नये. माणसाच्या मनाचे कारण एकच एक कधी नसते.

तरीही बालपणाचा भाग नाकारता येत नाही. 1998 साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात सुमारे साडेनऊ हजार प्रौढांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मारहाण, अवहेलना, लैंगिक अत्याचार, घरातील हिंसा, व्यसन, घरातल्या कोणाचा मानसिक आजार किंवा तुरुंगवास, असे अनुभव लहानपणी किती प्रकारचे आले हे त्यांना विचारले होते. असे चार किंवा अधिक प्रकारचे अनुभव आलेल्यांमध्ये नैराश्य, व्यसन आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, असे काहीच न अनुभवलेल्यांच्या मानाने, चार ते बारा पट आढळला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेल्या प्रश्नावलीत आईवडिलांचा मृत्यूही धरला आहे. 2018 मध्ये आठ देशांतील सुमारे चौदा हजार प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात भारत नव्हता. त्या विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश मुलांत आयुष्यात केव्हा तरी नैराश्य, चिंता किंवा व्यसन यांसारखा एखादा विकार होऊन गेल्याची लक्षणे मिळाली. लहानपणीची जखम वय वाढले म्हणून आपोआप भरत नाही. घर सुटते, नवे शहर येते, परीक्षा येतात, आणि नेमकी त्याच वेळी ती पुन्हा ठणकू लागते.

मात्र याच अभ्यासकांच्या जगाने आणखी एक गोष्ट पुनःपुन्हा दाखवली आहे. मुलाच्या आयुष्यात भरवशाचे एक तरी मोठे माणूस असले तर त्याला तरून जाण्यास फार बळ मिळते. श्यामला सतरा वर्षांपर्यंत ते माणूस होते. आईने त्याला दिले ते पुढे त्याने हजारोंना वाटले. ती गेल्यावर तिची जागा घेणारे कोणी आले नाही. वडील होते, भाऊ होते, पुढे मित्र आणि भक्त तर असंख्य होते. पण तू कसा आहेस, असे बसून विचारणारे आणि उत्तर येईपर्यंत थांबणारे माणूस वेगळे असते.

आपले नाशिक आता विद्यार्थ्यांचे शहर झाले आहे. म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून आहे. गंगापूर रोड, पंचवटी, नाशिकरोड या भागांत वसतिगृहे आणि भाड्याच्या खोल्या मुलामुलींनी भरल्या आहेत. सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर या भागांतून आलेली कितीतरी मुले त्यांच्या घराण्यात प्रथमच कॉलेजची पायरी चढलेली असतात. त्यांच्या पाठीवर घराचे कर्ज असते, बापाची शंका असते, आईचे आजारपण असते. 2022 या एका वर्षात देशात 13 हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे, आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. त्या मुलांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. पण ती कोणाच्या तरी शेजारच्या खोलीत राहत होती.

अशा मुलांना ओळखायचे कसे? ती नेहमी रडत नाहीत. जेवणाला येत नाहीत, रात्र रात्र जागतात किंवा दिवसभर पडून राहतात, घरी फोन करणे टाळतात, आवडीच्या वस्तू वाटून टाकतात, आपण सर्वांना भार झालो आहोत असे सहज बोलल्यासारखे बोलून जातात. मनात जीव देण्याचा विचार येतो का, असे विचारले तर तो विचार डोक्यात भरवला जाईल अशी भीती आपल्याला वाटते. ती खोटी आहे. सरळ आणि प्रेमाने विचारल्याने उलट बरे वाटते असाच जाणकारांचा अनुभव आहे. त्यानंतर उपदेश नको, तुलना नको, गुरुजींच्या गरिबीचे उदाहरण तर नकोच. त्याच्याजवळ बसावे आणि त्याला डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे न्यावे, नुसता पत्ता देऊन पाठवू नये. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा 2022 पासून 14416 या क्रमांकावर चोवीस तास सुरू आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.

ज्यांच्या घरात अशी घटना घडून गेली आहे ते आपल्या मिस्सेला मागच्या बाकावर बसतात, हेही सांगायला हवे. त्यांना लोकांच्या नजरा टोचतात. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवणीच्या ग्रंथात जीवन हे देवाचे दान असल्याचे स्पष्ट सांगितले आहे, आणि त्याच ठिकाणी असेही सांगितले आहे की गंभीर मानसिक विकार, तीव्र वेदना किंवा भय यांमुळे अशा माणसाची जबाबदारी कमी होते, त्याच्या तारणाविषयी कोणी निराश होऊ नये, आणि ख्रिस्तसभा त्याच्यासाठी प्रार्थना करते. आपल्या देशाच्या 2017 सालच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच मानून त्याला शिक्षेऐवजी उपचार देण्याचे धोरण स्वीकारले आहे. अशा कुटुंबाच्या घरी जायला आपण कशाला कचरायचे?

गुरुजी शेवटच्या काळात आपल्या पुतणीला, सुधाला, पत्रे लिहीत होते. ‘सुंदर पत्रे’ या नावाने ती पुढे पुस्तकरूपात आली. नाव अगदी सार्थ आहे. त्यांत फुले आहेत, पाखरे आहेत, पाऊस आहे, मोठ्या माणसांच्या गोष्टी आहेत. एका मुलीचे मन आनंदी राहावे म्हणून एका थकलेल्या माणसाने केवढी काळजी घेतली आहे! लिहिणारा स्वतः रात्री कशा काढत होता, हे त्या पत्रांतील फुलापाखरांवरून एखाद्या घरच्या माणसालाही ओळखता आले नसते.